जुन्या लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांचे फोटो छापताय? ब्रिटनमधल्या या चुका टाळा

सगळ्यांना वाटतं फोटोग्राफर अडकतो तो कोर्टाच्या दारात. अडकतो कधीकधी, पण तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या केसमध्ये खरा घोळ होतो तो ऑफिसात, जुना फाइल फोटो काढताना.

बॅरी बेनेलचंच बघा ना. पोरांचा फुटबॉल कोच, 2018 मध्ये लिव्हरपूल क्राउन कोर्टात 30 वर्षांची शिक्षा झाली, 12 मुलं, 50 गुन्हे, सगळे 1979 ते 1991 मधले. खटल्यात तो आजारपणामुळे व्हिडिओ लिंकवर हजर राहिला, मग कोर्टात येतानाचा फोटो मिळणार कुठून? अशा वेळी डेस्कवाला टीमचा जुना ग्रुप फोटो उचलतो, कोच कडेला उभा, पुढे मांडी घालून बसलेली पोरं, गुडघ्यांना चिखल. आता त्यातला फिर्यादी कोण हे तुम्हाला कुठे माहितीये! 1992 च्या कायद्याने फिर्यादीची ओळख आयुष्यभर झाकायची असते आणि त्यात फोटोही आला. डोळ्यांवर काळी पट्टी मारून काही होत नाही, गाववाले केसांवरून, कानांवरून सुद्धा ओळखतात. कोच तेवढा क्रॉप करा, आणि त्याचा हात कुणाच्या खांद्यावर असेल तर तो खांदासुद्धा राहू देऊ नका.

बेनेलच्या अत्याचाराला बळी पडलेला माजी फुटबॉलपटू अँडी वुडवर्ड, त्याने 2016 मध्ये स्वतःहून नाव जाहीर केलं म्हणून त्याचा फोटो चालतो, शेजारच्या पोराचा नाही. आणि संमती लेखी घ्या, फोनवरच्या "चालेल हो" वर जाऊ नका.

कोर्टाचं म्हणाल तर 1925 च्या कायद्याने आत आणि आवारात न्यायाधीश, ज्युरी, साक्षीदार, आरोपी कुणाचेच फोटो नाहीत. गंमत म्हणजे आवार नक्की कुठे संपतं हे त्यात लिहिलेलंच नाही, त्यामुळे गेल्या गेल्या स्टाफला हद्द विचारून घ्या. (चित्रकारालाही आत बसून स्केच काढता येत नाही, बाहेर येऊन आठवणीतून काढतात, मानलं बाबा.) रस्त्यावरून आरोपीचा फोटो मिळाला तरी मागे कोण आलंय ते झूम करून बघा.

एवढं करूनही चुकीचा फोटो गेलाच तर आधी वकिलाला फोन, मग वेबसाइट, सोशल पोस्टचा प्रिव्ह्यू, एजन्सीला गेलेली कॉपी, सगळीकडून काढा. आणि क्रॉप केलेली फाइल परत टाकण्याआधी तिच्या आतली कॅप्शन उघडून बघा, जुन्या टीम फोटोंमध्ये तिथे "डावीकडून" करून सगळ्या पोरांची नावं टाइप केलेली असतात.