विखुरलेल्या नोंदींवरून त्रिमितीय सरफेस प्लॉट काढताना या चुका टाळा

पर्जन्यमापक केंद्रे, निरीक्षण विहिरी किंवा मातीचे नमुने घेतलेली ठिकाणे चौकोनी जाळीत क्वचितच बसतात. सरफेस प्लॉट, म्हणजे किमतींचा त्रिमितीय पृष्ठभाग, काढणाऱ्या बहुतेक आज्ञांना मात्र नियमित ग्रिड (जाळी) लागते, आणि मधल्या रिकाम्या जागा भरून ती तयार करतानाच बहुतांश घोटाळे होतात. चित्रातील पृष्ठभागाचा मोठा भाग कोणी मोजलेला नसून पद्धतीने सुचवलेला असतो, हे सतत लक्षात ठेवावे लागते.

मॅटप्लॉटलिब या पायथनमधील आलेख काढणाऱ्या लायब्ररीच्या 'प्लॉट_सर्फेस' आज्ञेला एक्स, वाय आणि झेडचे सरळ स्तंभ दिले, की झेड द्विमितीय हवा असा एरर येतो. तो घालवण्यासाठी काही जण ४०० नोंदींना थेट २० × २० असा आकार देतात. एरर जातो, पण एकमेकांशी संबंध नसलेली ठिकाणे शेजारी जोडली जाऊन चुरगळलेल्या कागदासारखे चित्र उमटते. त्याऐवजी सायपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीतील 'ग्रिडडेटा'ने ग्रिड बनवावी, किंवा बिंदूंचे त्रिकोण जोडून पृष्ठभाग काढणारी 'प्लॉट_ट्रायसर्फ' ही आज्ञा वापरावी.

त्याआधी नोंदी तपासाव्यात. पृष्ठभागावर एकाएकी खोल खड्डा दिसला, तर बहुधा कुठेतरी न मिळालेल्या नोंदीच्या जागी -९९९ किंवा शून्य भरलेले असते. अक्षांश-रेखांश दोनच दशांश स्थळांपर्यंत लिहिले, तर साधारण एक किलोमीटरच्या आतील दोन केंद्रे एकाच बिंदूवर येऊ शकतात. अशा दुहेरी बिंदूंची मॅटलॅब ही गणिती प्रणाली इशारा देऊन सरासरी घेते. सायपायच्या आरबीएफ (रेडियल बेसिस फंक्शन) पद्धतीत स्मूदिंग शून्य असेल, म्हणजे पृष्ठभाग प्रत्येक बिंदूतून नेमका जावा अशी अट असेल, तर मॅट्रिक्स सिंग्युलर होऊन, म्हणजे समीकरणे सुटेनाशी होऊन, काम अडते.

सर्वांत फसवी चूक पद्धतीच्या निवडीत होते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि पूर्वेला जेमतेम पंचवीस किलोमीटरवर, घाट उतरून गेल्यावर, वाईला तो हजाराच्याही आत येतो. इतक्या तीव्र उतारावर बिंदूंमधून गुळगुळीत वक्र नेणारी 'क्युबिक' पद्धत लावली, की वक्र गुळगुळीत ठेवण्याच्या नादात पृष्ठभाग खरी पातळी ओलांडतो आणि पर्जन्यछायेत उणे पाऊस दाखवू शकतो. उणे किमती शून्यावर छाटून टाकणे हा उपाय नव्हे, कारण वरच्या बाजूला फुगलेले आकडे तसेच राहतात आणि चूक दाखवणारी खूण तेवढी नाहीशी होते. बिंदू सपाट तुकड्यांनी जोडणाऱ्या 'लिनियर' पद्धतीत कडा दिसतात, पण मोजलेल्या किमतींच्या मर्यादा ओलांडल्या जात नाहीत. गुळगुळीतपणा हवाच असेल, तर किमतींचा लॉग घेऊन इंटरपोलेशन (मधल्या किमतींचा अंदाज) करावे आणि मग मूळ एककात परत यावे, म्हणजे निदान उणे किमती येत नाहीत. समुद्रसपाटीपासूनची उंची जोडल्यास प्रश्न सुटेल असे वाटते, परंतु पाचगणी महाबळेश्वरच्या जवळपास तितक्याच उंचीवर असूनही तिथला पाऊस निम्म्याहून कमी आहे. अशा ठिकाणी मधल्या एखाद्या केंद्राची नोंद मिळवणे हे कोणत्याही सूत्रापेक्षा अधिक उपयोगी ठरते.

कडेचे बिंदू जोडणाऱ्या बहिर्वक्र सीमेच्या बाहेर 'ग्रिडडेटा' लिनियर आणि क्युबिक पद्धतीत किमती देत नाही, आणि ते योग्यच आहे. तो भाग सर्वांत जवळच्या बिंदूची किंमत उचलणाऱ्या 'निअरेस्ट'ने भरला, की पायऱ्या दिसतात; त्यापेक्षा तो रिकामा सोडावा. उलट 'प्लॉट_ट्रायसर्फ' कोकण किनाऱ्यावरची दूरची दोन केंद्रे लांबट त्रिकोणाने जोडून समुद्रावरही पृष्ठभाग पसरवते. असे त्रिकोण मॅटप्लॉटलिबच्याच 'ट्रायअ‍ॅनालायझर'ने झाकता येतात.

अंतर किलोमीटरमध्ये आणि खोली मीटरमध्ये असलेल्या समुद्री नोंदींत दोन्ही अक्ष आधी तुलनीय मापात आणावेत, नाहीतर 'जवळचा बिंदू' या शब्दाला अर्थच उरत नाही. हेच अक्षांश-रेखांशाचेही आहे: महाराष्ट्राच्या नकाशात दोन्हींचे अंश सारख्याच अंतराचे मानून थेट वापरल्याने होणारी चूक सुमारे पाच टक्क्यांची असते. ६० अंश अक्षांशावर मात्र रेखांशाच्या एका अंशाचे अंतर विषुववृत्तावरच्या निम्मे होते.

ग्रिड बारीक करूनही शिखर दिसत नसेल, तर 'प्लॉट_सर्फेस' मुळात प्रत्येक दिशेने जास्तीत जास्त ५० नमुनेच घेते, हे तपासावे; ही मर्यादा ठरवणारे 'आरकाउंट' आणि 'सीकाउंट' वाढवले, की शिखर परत दिसते. मूळ बिंदू त्रिमितीय चित्रावर टाकून पडताळणी करू नये, कारण मॅटप्लॉटलिब पुढे काय आणि मागे काय हे अनेकदा चुकवते. तीच ग्रिड सपाट कंटूर (समान किमतींच्या रेषांच्या) नकाशावर काढून त्यावर बिंदू मांडले, की एक्स आणि वायची अदलाबदल झाली असल्यास ती लगेच लक्षात येते.