गोदामात पाय घसरू नये म्हणून

भिवंडीच्या गोदामांत पावसाळ्यात सर्वांत धोक्याची जागा म्हणजे डॉकच्या (ट्रक लावून माल चढवण्या-उतरवण्याच्या) दारापासून आतली पाचसहा पावलं. ट्रकची ओली चाकं, ताडपत्रीचं पाणी आणि खाली गुळगुळीत ट्रिमिक्स (जास्तीचं पाणी शोषून यंत्राने घोटलेलं) काँक्रीट. तिथे रबरी जाळीची मॅट घाला. गोणपाट नको, ते स्वतःच सरकतं.

तेलाचा डबा फुटला तर आधी एक माणूस तिथे उभा करा, फोर्कलिफ्ट थांबवा. पाणी ओतू नका, तेल पसरतं. कोरडा लाकडी भुसा टाकून दहा मिनिटं थांबा, कडेकडून मध्याकडे झाडून गोळा करा. मग गरम पाणी आणि डिटर्जंटने घासा, कोरडं पुसा. भुसा काढला की काम झालं असं वाटतं, पण तेलाचा पातळ थर उरतो आणि माणसं त्यावरून घसरून पडतात.

स्ट्रेच फिल्मचे (माल गुंडाळायच्या ताणल्या जाणाऱ्या प्लास्टिकचे) तुकडे, पॅकिंग पट्ट्या लगेच उचला. तळव्याच्या खाचा झिजलेले बूट बदला.

कोणी पडलं तर हात धरून ओढून उठवू नका. मान किंवा पाठ दुखत असेल, शुद्ध हरपली असेल तर न हलवता १०८ला फोन करा. मनगट सुजलं तर कापडात गुंडाळलेला बर्फ वीस मिनिटं धरा. अपघात नोंदवहीत त्याच दिवशी नोंद करवून घ्या. ईएसआयच्या (कामगार राज्य विमा) दाव्याला ती लागते.