चाड्यावर मूठ धरण्याआधी: दुष्काळी उन्हाळ्यात या चुका टाळा

आमच्या भागात, म्हणजे मांजरा खोऱ्यात, दुष्काळ काही एका दिवसात येत नाही. पोळ्याला विहीर अर्धी असते, संक्रांतीला मोटर अर्धा तास चालून हवा ओढायला लागते, आणि चैत्रात टँकरच्या मागे घागरी धावतात. एवढे महिने हातात असूनही आपण दरवेळी त्याच त्या चुका करतो. गेली वीस-बावीस वर्षं बघतोय. त्यातल्या निम्म्या मी स्वतः केल्यात, म्हणून हक्काने बोलतो.

पहिल्या पावसावर पेरणी

ही चुकांची आई. हिच्यावर जरा जास्त बोलणार.

२०१५ सालची गोष्ट. आदल्या वर्षी, २०१४ ला, देशात सरासरीच्या ८८ टक्के पाऊस पडला होता. आमच्याकडे तर त्याहून वाईट. उन्हाळा कसाबसा काढला. हवामान खात्याने एप्रिलमध्ये ९३ टक्के सांगितलं आणि २ जूनला तो आकडा खाली आणून ८८ केला. पारावर आम्ही हसलो. "ह्यांचं कधी खरं झालंय का? हे कमी म्हणतेत म्हणजे धो धो पडणार." हा विनोद मीच केला होता, हे आजही आठवतं.

मृगात एक दणक्याचा पाऊस झाला. रात्री तासभर पत्रे वाजत होते. सकाळी शिवारात बघावं तर बांधाला पाणी तुंबलेलं, बेडकं ओरडतायत, आणि गावातले दोन्ही ट्रॅक्टर आधीच बुक. ट्रॅक्टर आज मिळाला नाही तर आठ दिवस मिळायचा नाही, ही धास्ती दुष्काळापेक्षा मोठी असते. मी चार एकरांवर सोयाबीन पेरायचं ठरवलं.

आमचे थोरले चुलते, अण्णा, बांधावर बसले होते. त्यांनी खुरपं घेतलं, ढेकूळ बाजूला केलं आणि वीतभर खणून दाखवलं. वरची चार बोटं माती काळी ओली, खाली राखेसारखी कोरडी. म्हणाले, "वरून भिजलंय, आतून तहानलेलंच हाय. थांब आठ दिस." मी म्हणालो, "अण्णा, शेजाऱ्यांचं उगवून येईल तवा आपण काय बघत बसायचं का?" ते काही बोलले नाहीत. खुरपं पुसून ठेवलं.

बी उगवलं, अगदी छान उगवलं. दोन पानांवर आलं आणि आभाळ कोरडं झालं. तीन आठवडे नुसता वारा. दुपारी रोपं माना टाकायची, संध्याकाळी उचलायची. मग संध्याकाळीही उचलेनात. जमिनीला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या. जुलैत दुबार पेरणी केली, तीही दुकानातून उधारीवर बियाणं आणून. त्या वर्षी देशात अखेर सरासरीच्या ८६ टक्के पाऊस झाला. ज्या खात्याला आम्ही हसलो होतो, त्याचा अंदाज जवळजवळ बरोबर निघाला होता. पुढच्या एप्रिलात, २०१६ ला, मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणायची वेळ आली. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, साधारण पाच लाख लिटर पाणी. लातूरच्या बहिणीकडे गेलो तर जिन्यापासून फाटकापर्यंत ड्रमच ड्रम. चहा घेऊ का नको, हा प्रश्न पाहुण्याला पडावा अशी स्थिती.

आता हिशेब सांगतो, कारण पोरांना गोष्ट पटत नाही, आकडा पटतो. एका एकरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे साधारण ४,००० लिटर पाणी. २० मिमीचा पाऊस म्हणजे एकरी ८०,००० लिटर, दहा हजारी टँकर धरला तर आठ टँकर. ऐकायला खूप वाटतं. पण उन्हाळाभर तापलेली भारी काळी जमीन हे आठ टँकर तीन-चार बोटांत जिरवून मोकळी होते. म्हणूनच कृषी विभाग ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरू नका म्हणतो. ते तीस-चाळीस टँकर झाले. तेवढं मुरलं तर मधल्या खंडात रोपाला खालून ओल मिळते.

माझी सवय अशी. शेतात झाडापासून लांब, उघड्यावर, सरळ भिंतीचा एक स्टीलचा डबा ठेवलाय. रोज सकाळी साडेआठला पट्टी घालून बघतो आणि वहीत लिहितो. साडेआठलाच का, तर हवामान खात्याचा दिवसही तेव्हाच संपतो, त्यामुळे त्यांच्या आकड्याशी माझा आकडा ताडता येतो. डब्याची बेरीज ७५ च्या वर गेली की तीन ठिकाणी वीतभर खणतो. खालच्या मातीचा मुठीत गोळा झाला पाहिजे. गोळा होतो पण हाताला चिखल लागत नाही, म्हणजे वाफसा आलाय. तेव्हाच ट्रॅक्टरवाल्याला फोन. लोक हसतात, हसू दे.

एक पुरवणी. अलीकडे मान्सून लवकर आला की लोकांना पंख फुटतात. २०२५ ला तो केरळात २४ मेला आला, २६ मेला मुंबईत. मे महिन्यातच इतका पाऊस झाला की रोहिणीतच औतं जुंपायची घाई सुरू झाली. आणि मग मेअखेरपासून जूनच्या मध्यापर्यंत स्वारी जागच्या जागी अडली. वळवाचा पाऊस वेगळा आणि मोसमी पाऊस वेगळा, हे आपल्या आजीला माहीत होतं. मोबाईलवाल्यांना अजून शिकायचंय.

देशाचा आकडा आपल्या शिवाराला लावणे

"यंदा ९६ ते १०४ टक्के, सरासरीइतका" एवढी बातमी वाचून बी-खताचं बजेट ठरवणारे मी बघितलेत. हा आकडा अख्ख्या देशाच्या जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचा असतो. त्यांची १०० टक्के म्हणजे ८७ सेंटीमीटर, १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांची सरासरी. त्यात कोकणातला तीन हजारांच्या घरातला पाऊसही आला आणि आपला सहाशे-सातशे मिमीही आला. आपलं गाव त्यात कुठे बसतं, हे त्या आकड्यातून कळायला मार्ग नाही.

२०२३ घ्या. देशात ९४ टक्के, म्हणजे कागदावर सहाच टक्के तूट. पण ऑगस्ट महिना १९०१ पासूनच्या नोंदींतला सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला आणि ऑक्टोबरअखेर महाराष्ट्र सरकारला ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला. सोयाबीन शेंगा भरताना पाणी मागत होतं तेव्हा आभाळ निळंशार. वर्षाची बेरीज पिकाला कळत नाही, त्याला फक्त तो आठवडा कळतो.

त्यामुळे एप्रिलचा अंदाज मी वाचतो, पण त्यावर फक्त दोन गोष्टी ठरवतो: कडबा विकायचा की ठेवायचा, आणि उसाला हात लावायचा की नाही. मेअखेर सुधारित अंदाज येतो तेव्हा पिकांची वाटणी. पेरणीची तारीख मात्र हवामान खात्याच्या दर गुरुवारी येणाऱ्या विस्तारित अंदाजावरून. त्यात पुढच्या चार आठवड्यांचा कल दिलेला असतो. पहिल्या दोन आठवड्यांवर भिस्त ठेवावी, पुढच्या दोनांकडे नुसतं बघून घ्यावं. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा सल्लाही मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. फुकट असतो, म्हणूनच बहुधा कोणी वाचत नाही.

अंदाजासोबत जो रंगीत नकाशा येतो, त्याचे रंग पावसाचं प्रमाण सांगत नाहीत, शक्यता सांगतात. निळा रंग म्हणजे सरासरीपेक्षा जास्त पडण्याची शक्यता जास्त, एवढंच. व्हॉट्सअॅपवर तोच नकाशा "मराठवाड्यात महापूर" अशा मथळ्याने फिरतो. असले नकाशे पुढे पाठवणाऱ्यांना मी आता समूहातून काढून टाकतो. समूहाचं कामच पाऊसपाण्याचं आहे, त्यात अफवा कशाला?

"एल निनो आहे, म्हणजे दुष्काळ ठरलेला"

नाही. एल निनो म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापणं. १९९७ ला जबरदस्त एल निनो होता आणि देशात पाऊस सरासरीच्या १०२ टक्के झाला. एल निनोने जोखीम वाढते, निकाल लागत नाही. त्या वर्षी क्षेत्र कमी करा, तूर वाढवा. हातपाय गाळून बसू नका.

"जेवढं तापेल तेवढा पडेल"

मे महिन्यात ४३ अंश झालं की हा डायलॉग ठरलेला. जमीन तापली म्हणजे पाऊस बांधला गेला असं होत नाही. समुद्र, वारे, कमी दाबाचे पट्टे यांचंही काही म्हणणं असतं.

धरणाची टक्केवारी न समजणे

उजनी "उणे ४० टक्के" म्हटलं की पाहुणे विचारतात, पाणी उणे कसं काय असतं? धरणात खाली एक मृतसाठा असतो, म्हणजे दारांच्या खाली राहणारं, आपोआप बाहेर न निघणारं पाणी. उजनीत एकूण ११७ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) मावतं, त्यातलं जवळपास ६४ मृत आणि साडेत्रेपन्न जिवंत. टक्केवारी फक्त जिवंत साठ्याची सांगतात, म्हणून मृतसाठ्याला हात लागला की आकडा शून्याखाली जातो. उलटी चूक जास्त घातक: "जायकवाडीत १५ टक्के आहे, होईल जूनपर्यंत" असं म्हणत उन्हाळी भुईमुगाला पाणी सोडणे. पिण्याचं आरक्षण आधी, उद्योग आहेतच, आणि एवढं पसरलेलं पाणी उन्हात वाफ होऊन जातं ते वेगळंच. कालव्याला पाणी सुटेल हे कागदावर दिसेपर्यंत धरू नये.

मे महिन्यात बोअर

ही माझी दुसरी दुखरी नस. आमच्या नात्यातल्या एका पाहुण्यांनी दोन म्हशी विकल्या आणि बोअर घेतलं. आधी पाणाड्या, म्हणजे जमिनीखालचं पाणी सांगणारा, आणला. तो तळहातावर नारळ घेऊन फिरला, एका जागी नारळ उभा राहिला, सगळ्यांनी हात जोडले. रात्री गाडी आली. मी बघायला गेलो होतो. पहिल्या दोनशे फुटांत मुरूम, मग काळा पाषाण, मध्ये तांबड्या मातीचा पट्टा लागला तेव्हा ओलसर चिखल वर आला आणि बायकांनी हळदकुंकू काढलं. त्यानंतर नुसता पांढरा फुफाटा. साडेतीनशे, पाचशे, सहाशे. दर पन्नास फुटांना गाडीवाला विचारायचा, "थांबू का?" आणि पाहुणे म्हणायचे, "अजून एक पाइप." पहाटे सातशेवर थांबले तेव्हा सगळ्यांच्या भुवया पिठाच्या गिरणीतल्यासारख्या पांढऱ्या झाल्या होत्या. पाणी नाही. म्हशीही नाहीत.

आपल्याखाली बेसॉल्ट आहे. त्यात पाणी राहतं ते वरच्या झिजलेल्या मुरमात, भेगांत आणि लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या त्या तांबड्या पट्ट्यात. हे बहुतेक वरच्या दोन-तीनशे फुटांतच संपतं. त्याखाली चुकून एखादी भेग लागलीच तर तिच्यातलं पाणी फार जुनं असतं, उपसलं की भरून यायला वर्षं लागतात. भूजल कायद्याने खोलीला ६० मीटरची, म्हणजे २०० फुटांच्या आसपासची मर्यादा घातली आहे ती काही उगाच नाही. ती किती पाळली जाते हे आपल्या सगळ्यांना माहीतच आहे.

मी काय करतो? दोरीला हात-हात अंतरावर गाठी मारून ठेवल्यात. दिवाळीला विहिरीत सोडून गाठी मोजतो, होळीला पुन्हा मोजतो. मधे किती गाठी उतरल्या त्यावरून जूनपर्यंतचं पाणी कळतं. दिवाळीलाच पाणी कमी असेल तर रब्बीला गहू नाही, ज्वारी किंवा हरभरा. उन्हाळी पीक तर नाहीच. बोअरच्या पैशात विहिरीतला गाळ निघतो आणि ओढ्याचं पाणी गाळून विहिरीत सोडायची सोय होते. हे काम मे महिन्यात करायचं, कारण तळ तेव्हाच दिसतो. पण गाळ काढताना फोटो चांगला येत नाही, बोअरच्या गाडीसमोर येतो.

फळबाग: झाड आणि फळ दोन्ही वाचवायचा हट्ट

२०१३ च्या उन्हाळ्यात जालन्याकडे मोसंबीच्या बागा सरपणाला गेल्या. पाणी संपत आलं तर फळं आधी उतरवा, फांद्या हलक्या करा, बुंध्याभोवती पाचटाचा जाड थर द्या. फळ पुढच्या वर्षी येईल, झाड यायला सहा वर्षं लागतात. हे सांगताना मालकाचा चेहरा बघवत नाही, पण सांगावं लागतं.

बियाणं न तपासता पेरणे

घरचं सोयाबीन असो की पिशवीतलं, ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडून गुंडाळी करा, रोज पाणी शिंपडा, चार-पाच दिवसांनी मोजा. सत्तरच्या वर उगवले तर ठीक, त्याखाली आले तर बियाण्याचं प्रमाण वाढवा किंवा बियाणं बदला. आधी दुष्काळ आणि त्यावर कमी उगवण, असा दुहेरी मार कशाला खायचा?

उशीर झाला तरी तेच पीक

मूग, उडीद जूनअखेर नाहीतर जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. सोयाबीन १५ जुलैपर्यंत. त्यानंतर तूर, बाजरी, सूर्यफूल यांकडे वळा. "सगळ्यांनी सोयाबीनच केलंय" हे कारण होऊ शकत नाही.

डब्यात कावळ्याने पाणी पिणे

हसू नका, माझ्या डब्याला हे झालंय. दोन दिवस आकडा कमी येत होता, तिसऱ्या दिवशी कावळा काठावर बसलेला सापडला. आता आत एक नरसाळं उलटं न ठेवता सरळ बसवलंय, तोंड डब्याएवढंच रुंद, त्यामुळे मापही बिघडत नाही आणि पाणी उडूनही जात नाही. यंदाच्या वहीचं पहिलं पान अजून कोरं आहे. पुतण्या परवा विचारत होता, काका, ट्रॅक्टर सांगून ठेवू का? म्हटलं, आधी खुरपं आण.