कॉलेजची शोधाशोध अकरावीतच

बारावीचा निकाल ऐन आंब्याच्या धांदलीत लागतो. तेव्हा घरात कुणालाच सवड नसते आणि प्रवेशाच्या तारखा काही थांबत नाहीत. म्हणून अकरावीतच एक वही करा. सीईटी सेलच्या (राज्याच्या प्रवेश परीक्षा घेणाऱ्या कक्षाच्या) संकेतस्थळावर मागचे कटऑफ, म्हणजे किती गुणांवर प्रवेश थांबला ते आकडे, कॉलेज, शाखा आणि प्रवर्गाप्रमाणे मिळतात. ते उतरवून घ्या. प्रवेशाच्या पहिल्या फेरीचा आकडा बघून हाय खाऊ नका, शेवटच्या फेरीचाही शेजारी लिहा. फरक पुष्कळदा बराच असतो.

यादीत मुंबई-पुण्याचीच नावं भरू नका. दापोलीचं कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, तर लोणेऱ्याला तंत्रशास्त्र विद्यापीठ. समुद्राकाठच्या मुलांनाच मत्स्यशास्त्राची पदवी माहीत नसावी, याचं नवल वाटतं. अभियांत्रिकीला गणित लागतं, वैद्यकीयला जीवशास्त्र, तेव्हा विषय सोडण्याआधी वही उघडा.

कागदपत्रांचं मात्र मनावर घ्या. राखीव जागेसाठी जात पडताळणीला वेळ लागतो. विज्ञान शाखेला असाल तर अकरावीतच कॉलेजमार्फत अर्ज टाका. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावरचं आडनाव आपल्या दाखल्याशी जुळतंय का, तेही बघा. नॉन-क्रिमीलेयर दाखल्यावर (घरचं उत्पन्न मर्यादेत असल्याचा दाखला) ‘३१ मार्चपर्यंत वैध’ असं लिहिलेलं असतं, ते कुठल्या वर्षाचं हे तपासा.

गणपतीला चाकरमानी येतील, त्यांच्यातल्या कॉलेजात शिकणाऱ्या दादा-ताईंना फी विचाराच, पण हॉस्टेल, मेस आणि खोलीभाडं आधी विचारा.