घरच्या लॅपटॉपवर जहाजं बघायची असतील तर
मालगुंड-जयगडकडे राहत असाल आणि आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) घेतलं असेल तर एफएम ऐकून झालं की लगेच एआयएस, म्हणजे जहाजं रेडिओवर आपली माहिती पाठवतात ती यंत्रणा, लावून बघा. 300 टनांवरची परदेशी फेऱ्या करणारी सगळी जहाजं आपलं नाव, वेग, दिशा 161.975 आणि 162.025 मेगाहर्ट्झवर सतत पाठवत असतात, लॅपटॉपवर एआयएस-कॅचर हे सॉफ्टवेअर टाकलं की ती नावं धडाधड स्क्रीनवर येतात, खूप भारी वाटतं! विंडोज असेल तर आधी झॅडिग या छोट्या प्रोग्रामने डोंगलचा ड्रायव्हर बदला, नाहीतर डोंगल दिसतच नाही.

अँटेनाला महाग काही नको, साधारण 45 सेंमी तांब्याची तार उभी, पण घरात नाही, गच्चीवर किंवा माडीच्या पत्र्याच्या वर, समुद्र मोकळा दिसला पाहिजे. अँटेनाची केबल लांब नेऊ नका, डोंगलच वर न्या आणि खाली चांगली यूएसबी एक्स्टेन्शन आणा. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, माझ्याकडे त्यानेच अर्धा खरखराट गेला. गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) पण एकदम फुल नको.

आणि खारी हवा! जोडावर सेल्फ-फ्यूजिंग टेप (स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप) गुंडाळाच, माझा उघडा कनेक्टर एका पावसाळ्यात हिरवा पडला.