अलार्म न वाजवता बेसन

जर्मनीतल्या वसतिगृहात धुराचा अलार्म बेसनामुळे, म्हणजे पिठल्यामुळे नाही, तापल्या तेलात पडलेल्या तिखटामुळे वाजतो. गावाकडं चुलीचा धूर कवेलूतून निघून जातो. वसतिगृहात अलार्म छतालाच.

मी आता असं करतो: अर्धी वाटी बेसन तितक्याच थंड पाण्यात आधीच कालवायचं. कोरडं पीठ उकळत्या पाण्यात टाकलं की गुठळ्या होणारच. दोन चमचे तेल मध्यम आचेवर. मोहरी तडतडली, लसूण लाल झाला की पातेलं उतरवून मगच हळद-तिखट, लगेच वाटीभर पाणी, मीठ. उकळी आली की कालवलेलं बेसन ओतून ढवळायचं, झाकून मंद आचेवर सात मिनिटं. भाकर जमत नसेल तर भात.

प्रार्थनेची उदबत्ती मात्र बंदच. गावातली संध्याकाळी ६:३० ची सामुदायिक प्रार्थना जर्मनीत उन्हाळ्यात दुपारी ३ ला आणि हिवाळ्यात २ ला येते. मार्च-ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ बदललं की फोनवरचा प्रार्थनेचा गजरही बदला.