एमटेकच्या अर्जाआधी तीन महिने एक वही भरा

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कारखान्यात मी चार वर्षं सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचं प्रोग्रॅमिंग केलं आणि २०२१ साली नोकरी सोडून एमटेकला गेले. तेव्हापासून कळव्यातल्या ओळखीची, जुन्या कंपनीतली, डिप्लोमाच्या वर्गातली मुलंमुली विचारत असतात, ‘ताई, कॉम्प्युटर इंटिग्रेटेड मॅन्युफॅक्चरिंग करायचंय, जोडीला रिस्क मॅनेजमेंटही हवंय. सुरुवात कुठून करू?’ कॉलेजांची यादी नंतर पाहू. आधी दोनशे पानी वही घ्या आणि एखाद्या मशीनशेजारी ठेवा.

वहीत रकाने आखा: तारीख, शिफ्ट, मशीन किती वाजता थांबलं, किती वाजता सुरू झालं, कशामुळे थांबलं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, ‘आधी कुणाला कळलं?’ ऑपरेटरला, इन्स्पेक्टरला, की थेट ग्राहकाला? तीन महिने न चुकता लिहा. नोकरीत नसाल तर रबाळे-महापे, मरोळ, वागळे, जिथे मामाची, शेजाऱ्याची, कुणाचीही ओळख निघेल तिथे दर शनिवारी जा. फोनने फोटो काढू देणार नाहीत, पण वही घेऊन बसलेल्या पोराला मालक सहसा हाकलत नाहीत. मशीनला कधी हातच लावला नसेल तर चुनाभट्टीच्या ‘आयडेमी’ या संस्थेत सीएनसीचे छोटे कोर्स आहेत, तिथून आरंभ करा.

वहीवर माझा एवढा भर का, त्यामागे एक रात्रपाळी आहे. ईएन-८ स्टीलचा एक जॉब, म्हणजे मशीनवर कापायचा भाग, होता. ग्राहकाने ड्रॉइंग बदललं आणि बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, ३२.५० मिलिमीटरवरून ३२.०० वर आणला. डिझाइनच्या कॉम्प्युटरवर नवीन रिव्हिजन सी आलं होतं, पण मशीनला प्रोग्रॅम पाठवणाऱ्या फोल्डरमध्ये रिव्हिजन बी तसंच पडून होतं. ते बदलायचं काम माझं होतं. इन्स्पेक्टरच्या टेबलावरचं छापील ड्रॉइंगही जुनंच, त्यामुळे त्याने बोअर गेज लावून प्रत्येक नग पास केला. सकाळी सेटर काकांनी एक नग उचलला, नवं ड्रॉइंग शेजारी धरलं आणि काही न बोलता गेज माझ्या हातात दिला. ४६ नग होते. बोअर लहान राहिला असता तर पुन्हा मशीनवर चढवता आला असता. मोठा झालेला बोअर परत लहान होत नाही, सगळे भंगारात गेले.

त्या रात्री मशीन बिघडलं नव्हतं. ऑपरेटर चुकला नव्हता, इन्स्पेक्टरही नाही. दोन कॉम्प्युटरमधला सांधा चुकला होता. जोसेफ हॅरिंग्टन यांनी १९७३ साली कॉम्प्युटर इंटिग्रेटेड मॅन्युफॅक्चरिंग या नावाने मांडलेला विचार हाच की डिझाइन, प्रोग्रॅम, मशीन, स्टोअर, खरेदी, हिशेब या सगळ्यांनी एकच माहिती वापरायची. माहिती एक झाली की काम झपाट्याने पुढे सरकतं, पण चुकीचा आकडाही त्याच झपाट्याने सगळीकडे पोहोचतो. म्हणून हे दोन विषय मी वेगळे मानत नाही. जिथे जिथे माहिती एका हातातून दुसऱ्या हातात जाते, तिथे तिथे जोखीम शोधायची.

आता वहीतली हीच नोंद अभ्यासात कशी आणायची ते बघा. एफएमईए (फेल्युअर मोड अँड इफेक्ट्स ॲनालिसिस) नावाची पद्धत आहे, काय बिघडू शकतं आणि त्याने काय होईल हे आधीच मांडायची. तिची मुळं १९४९ सालच्या अमेरिकी लष्करी कार्यपद्धतीत आहेत. प्रत्येक बिघाडाला १ ते १० मध्ये तीन गुण द्यायचे: परिणाम किती गंभीर, किती वेळा घडतो आणि पकडणं किती अवघड. आमच्या बोअरला मी ७, ४ आणि ८ दिले. गुणाकार २२४. मग प्रोग्रॅमच्या पहिल्याच ओळीत रिव्हिजन नंबर लिहायचा नियम केला, सेटअप शीटवर तोच नंबर छापला, आणि दोन्ही जुळल्याशिवाय पहिला नग कापायचा नाही असं ठरलं. पकडण्याचा आकडा ८ वरून ३ वर आला, गुणाकार ८४ झाला.

पण इथे थांबू नका. समजा दुसऱ्या एका बिघाडाचे गुण ९, २ आणि ३ आहेत. गुणाकार ५४ च येतो, म्हणजे कागदावर तो मागे पडतो. प्रत्यक्षात गंभीरतेला ९ म्हणजे कुणाच्या तरी जिवाशी गाठ असू शकते. हीच उणीव ओळखून वाहन उद्योगाच्या २०१९ च्या एफएमईए पुस्तिकेत गुणाकाराऐवजी कृती-प्राधान्याचा तक्ता आला, आणि त्यात गंभीरतेला पहिला मान आहे. मुलाखतीत हे स्वतःच्या वहीतल्या उदाहरणाने सांगितलंत, तर समोरच्याला तुम्ही शॉपफ्लोअरवर उभे राहिलेले आहात हे कळतं.

वहीतून एका शिफ्टची ओईईही काढा, म्हणजे मशीनच्या एकूण वेळेतला किती टक्के वेळ चांगले नग काढण्यात गेला. शिफ्ट ४८० मिनिटांची, त्यात ९० मिनिटं मशीन बंद. एका नगाला ३ मिनिटं लागायला हवीत, ११० नग निघाले, त्यातले १०४ चांगले. चांगल्या नगांची ३१२ मिनिटं भागिले ४८०, म्हणजे ६५ टक्के. उरलेले ३५ टक्के कुठे गेले, हा प्रश्न तुमच्या प्रोजेक्टचं बीज होऊ शकतो.

१२ ऑक्टोबर २०२० चा सोमवार मुंबई-ठाण्यात कुणी विसरलेलं नसेल. सकाळी दहाच्या सुमारास ग्रिड कोसळलं आणि लोकलसुद्धा जागच्या जागी थांबल्या. आमच्या मशीनचा बोअरिंग बार जॉबच्या आत होता. वीज आल्यावर नव्या ऑपरेटरचा हात थेट सायकल स्टार्टकडे गेला. काकांनी मनगट धरलं. आधी टूल हाताने, जॉग मोडमध्ये, सावकाश बाहेर. मग अक्ष होमला, म्हणजे मूळ जागी. मग प्रोग्रॅम ज्या ओळीवर तुटला तिथून नाही, त्याआधीच्या टूल बदलाच्या ओळीपासून, कारण जॉब नेमका कुठे आहे ते सांगणारे जी५४ सारखे ऑफसेट, टूल लांबीची भरपाई, स्पिंडलचा वेग हे सगळं मशीनला पुन्हा सांगावं लागतं. ऑफिसातला कॉम्प्युटर यूपीएसविना बंद पडला होता, त्यामुळे स्टोअरच्या नोंदीतले नग आणि ट्रेमधले नग दोन दिवस जुळले नाहीत. वहीत त्या दिवसाची माझी नोंद दीड पान आहे. मुंबईत जोखमीचा अभ्यास करताना वीज आणि पाऊस सोडून चालणार नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तळमजल्यावरच्या कारखान्याने सर्व्हर कुठे ठेवावा, हा प्रश्नही याच विषयात येतो.

आता प्रवेशाचं थोडक्यात. दोन्ही विषयांची नावं एकत्र असलेली पदवी शोधत बसू नका, अभ्यासक्रम उघडून पाहा. आयआयटी मुंबईत मेकॅनिकलमध्ये मॅन्युफॅक्चरिंगचं स्पेशलायझेशन आहे, शिवाय इंडस्ट्रियल इंजिनीअरिंग आणि ऑपरेशन्स रिसर्चचा स्वतंत्र विभाग आहे. माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये कॅड-कॅम (कॉम्प्युटरच्या मदतीने डिझाइन आणि उत्पादन) आणि ऑटोमेशनचा मार्ग आहे. पवईची जुनी नीटी २०२३ पासून आयआयएम मुंबई झाली. तिथला ऑपरेशन्सचा एमबीए चांगला, पण तो एमबीए आहे, एमटेक नव्हे. हा फरक घरच्यांनाही नीट समजावून सांगा.

गेट ही एमटेकची प्रवेश परीक्षा फेब्रुवारीत असते. ६५ प्रश्न, १०० गुण, तीन तास, आणि स्कोअर तीन वर्षं चालतो. मेकॅनिकलवाले बहुतेक एमई पेपर देतात. तुमचा ओढा उत्पादनाकडे असेल तर पीआय, म्हणजे प्रॉडक्शन आणि इंडस्ट्रियल, याचा अभ्यासक्रमही बघा. आकडा लिहायच्या प्रश्नांना उणे गुण नसतात, ते कोरे सोडू नका. आयआयटींच्या ऑफर कोॲप पोर्टलवर येतात, राज्यातल्या कॉलेजांचे प्रवेश सीईटी सेलकडून होतात. गेटवर पूर्णवेळ प्रवेश मिळाल्यास २४ महिने दरमहा १२,४०० रुपयांची शिष्यवृत्ती असते. नोकरी सोडताना हाच आकडा आईसमोर मांडून मी महिन्याचा हिशेब केला होता. रेल्वेचा पास, मेस आणि पुस्तकं निघतात, घरी द्यायला काही उरत नाही.

आत गेल्यावर ऐच्छिक विषयांत विश्वासार्हता (रिलायबिलिटी), सिम्युलेशन आणि डेटाबेस हे तीन सोडू नका. विश्वासार्हतेत वायबुल वितरण, म्हणजे बिघाड कधी होतात याचं गणित, शिकाल तेव्हा वही काढा. माझ्या नोंदींत टूल बदलणाऱ्या यंत्रणेचा सेन्सर वारंवार दगा द्यायचा. आलेख काढला तर त्यातला बीटा हा आकडा १ च्या जवळ आला, म्हणजे बिघाड वयामुळे नव्हता, केव्हाही होत होता. दर सहा महिन्यांनी सेन्सर बदलायचा खर्च फुकट गेला असता. चिप्स, म्हणजे कापताना निघणारे धातूचे तुकडे, उडून त्यावर बसत होत्या, पत्र्याचं छोटं झाकण लावल्यावर तक्रार थांबली. बीटा १ पेक्षा बराच मोठा आला असता, तर मात्र ठराविक मुदतीने बदलणंच योग्य ठरलं असतं. नोंदी पाच-सहाच असतील तर या आकड्यावर फार विसंबू नका. इंग्रजी व्हिडिओ जड जात असतील तर आयआयटी मुंबईच्याच स्पोकन ट्युटोरियलवर बऱ्याच सॉफ्टवेअरचे धडे मराठीतून आहेत.

आणि एक गोष्ट पहिल्याच सत्रात करा. कंपनीकडून माहिती वापरण्याची लेखी परवानगी घ्या. मी तोंडी होकारावर विसंबले आणि पत्र चौथ्या सत्राच्या तोंडावर हातात पडलं. त्याआधीचे तीन आठवडे मी रोज रात्री बसून प्रबंधातल्या प्रत्येक तक्त्यातलं ग्राहकाचं नाव आणि पार्ट नंबर खोडून तिथे अ, ब, क लिहीत होते.